सिंगापूर स्लिंगची कुळकथा

सिंगापूर स्लिंग हे गुलाबी कॉकटेल सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातल्या लाँग बारमध्ये १९१५ साली जन्मले, असे हॉटेल सांगते. जनक म्हणून न्यियाम टोंग बून या हैनानी बारटेंडरचे नाव घेतले जाते. पेयाचे कूळ मात्र या हॉटेलाहून जुने आहे.

स्लिंग हा मुळात अमेरिकेत रुळलेला साधा प्रकार: कडक दारू, साखर, पाणी, वर किसलेले जायफळ. त्यात बिटर्सचे (कडू अर्काचे) थेंब पडले की त्याला कॉकटेल म्हणत, असा खुलासा १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने केला होता. इंग्रज वसाहतींत कडक दारू म्हणून जिन वापरली जाऊ लागली. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर सिंगापूरच्या बंदरात आगबोटींची वर्दळ वाढली. उतारूंच्या सोयीसाठी आर्मेनियन सार्किस बंधूंनी १८८७ मध्ये बीच रोडवरच्या दहा खोल्यांच्या बंगल्यात रॅफल्स हॉटेल काढले. हॉटेलची मुख्य इमारत १८९९ मध्ये उभी राहिली.

१९१५ पर्यंत शहरात स्लिंग चांगलेच मुरले होते. तिथल्या वृत्तपत्रात १९०३ मध्येच ‘गुलाबी स्लिंग’चा उल्लेख सापडतो. १९१३ च्या एका बातमीत तर क्रिकेट क्लबात मागवायचे घटकच दिले आहेत: चेरी ब्रँडी, बेनेडिक्टीन (वनौषधींचे गोड मद्य), जिन, लिंबाचा रस, बर्फ, पाणी आणि बिटर्स. म्हणजे हॉटेल जन्माचे साल सांगते, त्याच्या दोन वर्षे आधी पेय जवळजवळ तयार होते. रॉबर्ट व्हर्मीर यांच्या १९२२ च्या पुस्तकात ‘स्ट्रेट्स स्लिंग’ म्हणून याच घराण्यातले पेय येते. त्यात सोडा आहे, अननस नाही. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारचे हॅरी क्रॅडॉक १९३० मध्ये स्ट्रेट्स आणि सिंगापूर असे दोन वेगळे स्लिंग देतात. त्यांच्या सिंगापूर स्लिंगमध्ये जिन, चेरी ब्रँडी, लिंबू आणि सोडा एवढेच आहे.

स्त्रियांनी चारचौघांत मद्य पिणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते, म्हणून न्यियाम यांनी सरबतासारखे दिसणारे पेय बनवले, ही हॉटेलची आवडती कथा. कथा गोड आहे. पण गुलाबी रंग चेरी ब्रँडीमुळे क्लबातल्या पुरुषांच्या पेल्यातही येतच होता. तेव्हा न्यियाम यांच्याकडे शोधाचे श्रेय देण्यापेक्षा, गावात चालू असलेल्या पेयाला लाँग बारचा पत्ता मिळाला, असे म्हणणे अधिक पटते.

सार्किसांचा व्यवसाय १९३१ मध्ये दिवाळखोरीत गेला. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलात हॉटेलचे नावही बदलले. आज लाँग बारमध्ये भुईमुगाच्या शेंगांची टरफले खुशाल जमिनीवर टाकतात, आणि तेही कचऱ्याबद्दल दंड करणाऱ्या शहरात! पण हा बार मूळ जागेवर नाही. १९८९ ते १९९१ च्या जीर्णोद्धारात तो हलवला गेला.

आता प्रमाण मानली जाणारी कृती अशी: जिन ३० मिलिलिटर, चेरी ब्रँडी १५, क्वांत्रो आणि बेनेडिक्टीन प्रत्येकी साडेसात, अननसाचा रस १२०, लिंबाचा १५, डाळिंबाचे सिरप १० आणि अँगोस्तुरा बिटर्सचा शिडकावा. अननसाचा रस बर्फाबरोबर घुसळला की वर फेस धरतो. पण जिनच्या चौपट रस आल्याने मूळचा आंबटपणा आणि वनौषधींचा कडवटपणा दबला. त्यामुळे जुन्या चवीचे चाहते आजही अननस वगळून सोडाच घालतात.