अंबाजोगाई आणि मराठवाड्यातील शैक्षणिक सहकार्य

ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेचा विचार करताना महानगरांचीच उदाहरणे घेण्याचा प्रघात आहे. परंतु साधनहीन प्रदेशात ज्ञानसंस्था कशा उभ्या राहतात, हे पाहावयाचे असल्यास बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचा इतिहास अधिक उद्बोधक ठरेल.

हैदराबाद येथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक शास्त्रे एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ती भाषा उर्दू असल्याने मराठी, तेलुगू व कन्नड भाषिक प्रजेच्या वाट्यास त्याचे फळ अल्पच आले. खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचे बंधनही होते. अशा स्थितीत हैदराबादची विवेकवर्धिनी व गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (दोन्ही १९०७), औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था (१९१७) आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) या संस्था लोकाश्रयावर उभ्या राहिल्या.

या संस्थांमध्ये माणसांची देवघेव होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पुण्यातील शिक्षण आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या सहवासातील कार्य यांनंतर ते हिप्परग्यास आले, व तेथून १९३५ साली बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस. १९३८ च्या सत्याग्रहात उतरेपर्यंत शिक्षण हेच त्यांचे मुख्य कार्य होते. भाषा, जिल्हा वा संस्थानी सीमा यांपैकी कशाचाही या कार्यास अडसर झाला नाही.

१९४८ नंतर परिस्थिती पालटली. औरंगाबादेस १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच दशकात अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. हा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु संस्था ही सामायिक गरज न राहता जिल्ह्याचा हिस्सा मानली जाऊ लागली. १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ झाले. त्याच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली येतात. स्वामीजींची हिप्परगा व अंबाजोगाई ही दोन्ही कार्यस्थाने मात्र औरंगाबादच्या विद्यापीठाकडेच राहिली. प्रशासनाच्या सोयीने आखलेली रेषा आणि शिक्षणाच्या इतिहासाने जोडलेला प्रदेश यांतील अंतर यावरून स्पष्ट व्हावे.

संस्था वाढल्या, तरी त्या प्रमाणात जिल्ह्यातील उपजीविका ज्ञानावर उभी राहिली नाही. आजही येथील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ साली शासनास चौकशी समिती नेमावी लागली. वस्तुतः हा विषय अंबाजोगाईचे वैद्यक, परभणीचे कृषिशास्त्र आणि विद्यापीठांतील समाजशास्त्र यांच्या संयुक्त अभ्यासाचा आहे. त्यात कोल्हापूर-सांगलीकडील संस्थांचाही वाटा असावयास हवा. कारण श्रम बीडचे असले तरी त्यावर चालणारा उद्योग तिकडचा आहे.

पूर्वसूरींनी सहकार्याने शाळा उभारल्या, त्या परवानगी व पैसा या दोहोंच्या अभावात. आज या दोन्ही गोष्टी काही अंशी उपलब्ध आहेत. प्रदेशाचा प्रश्न हाच संशोधनाचा सामायिक विषय मानण्याची त्यांची दृष्टी तेवढी पुन्हा मिळवावयाची आहे. ती मिळाल्यावाचून नव्या संस्थांची भर पडत राहील. ऊसतोडीच्या गाड्या मात्र पूर्ववत निघत राहतील.