स्किझोफ्रेनियातील बोधात्मक क्षमता आणि हिंसक वर्तन

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता या आजारात भास आणि भ्रम चटकन नजरेत भरतात, पण बोधात्मक क्षमतांची घट अधिक चिवट असते. लक्ष टिकवणे, ऐकलेले मनात धरून ठेवणे, बेत आखणे, ऊर्मी आवरणे हे सारे अवघड होते. ही घट बहुधा आजार उघड होण्याआधीच सुरू झालेली असते आणि भास आटोक्यात आणणाऱ्या औषधांनी ती फारशी भरून निघत नाही.

विस्कॉन्सिन पत्ते-चाचणीत ती नेमकी दिसते. रुग्ण रंगानुसार पत्ते लावत असताना परीक्षक न सांगता नियम बदलतो; आता आकार पाहायचा असतो. ‘चूक’ असे पुन्हा पुन्हा ऐकूनही अनेक रुग्ण रंगच धरून बसतात. चेहरे वाचतानाही गफलत होते आणि निर्विकार चेहरा रागावलेला वाटतो. आपल्यावर कोणी टपले आहे असा भ्रम असलेल्या माणसाला समोरच्याची साधी नजर धमकी वाटली आणि ती शंका पडताळून पाहणे जमले नाही, तर हात उठू शकतो.

तरीही बोधात्मक घट आणि हिंसा यांतील संबंध माफक आहे आणि अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. व्यसनाचा वाटा त्याहून ठळक दिसतो. स्वीडनमधील 8,003 रुग्णांच्या नोंदींवरील, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 13.2 टक्के रुग्णांवर हिंसक गुन्ह्याची नोंद होती. तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण 5.3 टक्के होते. व्यसन जडलेल्या रुग्णांत ते 27.6 टक्के, तर व्यसन नसलेल्यांत 8.5 टक्के निघाले. म्हणजे बहुसंख्य रुग्णांच्या नावावर असा एकही गुन्हा नव्हता. उलट मारहाण आणि छळ सोसण्याची वेळ रुग्णांवरच अधिक येते. बातम्यांत मात्र ही बाजू क्वचितच येते.

उपचारांचा फरक पडतो. स्वीडनमधीलच 2014 च्या अभ्यासात मनोविकारविरोधी औषधे चालू असलेल्या काळात हिंसक गुन्हे 45 टक्क्यांनी कमी आढळले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आक्रमकतेत क्लोझापिन विशेष उपयोगी ठरते. मात्र पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने रक्त नियमित तपासावे लागते. स्मृती आणि लक्ष यांचा सराव करून घेणारे बोधात्मक पुनर्वसनही दिले जाते. आक्रमक रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे.