मॉनमथ परगणा : वसाहतकाळ ते महामंदी

मॉनमथ परगणा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक किनाऱ्यालगतचा एक परगणा. मुख्य ठाणे फ्रीहोल्ड. इंग्रजी वसाहतीच्या सनदांपासून विसाव्या शतकातील महामंदीत शासनाने वसविलेल्या जर्सी होमस्टेड्‌स या गावापर्यंतचा येथील स्थानिक इतिहास उपलब्ध आहे. जमिनीवर हक्क कोणाचा आणि वस्तीत स्थान कोणास, हे दोन प्रश्न या इतिहासात वारंवार उद्‌भवलेले दिसतात.

या प्रदेशातील मूळ रहिवासी लेनापी जमातीचे होत. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू नेदरलँड घेतल्यावर गव्हर्नर रिचर्ड निकल्स याने ८ एप्रिल १६६५ रोजी बारा जणांस ‘मॉनमथ सनद’ दिली. त्यापूर्वी अर्जदारांनी लेनापींकडून जमीन खरेदी केली होती. सनदेत धार्मिक बाबतींत विवेकस्वातंत्र्याची हमी असल्याने लाँग आयलंड व ऱ्होड आयलंड येथील बॅप्टिस्ट आणि क्वेकर कुटुंबे येथे आली. मिडलटाउन व श्रूजबरी ही गावे त्यांनी वसविली.

परंतु यॉर्कच्या ड्यूकने हाच प्रदेश १६६४ मध्येच लॉर्ड बर्कली व सर जॉर्ज कार्टरेट यांना देऊन टाकला होता. निकल्सला त्याची वार्ता नव्हती. परिणामी एकाच भूमीवर दोन हक्क उत्पन्न झाले. नव्या स्वामींनी वार्षिक सारा मागताच, आपण जमीन मूळ रहिवाशांकडून विकत घेतली व सनदही मिळविली, मग सारा कशाचा, असा प्रश्न वसाहतवाल्यांनी केला. हा वाद अनेक दशके चालला. १६८३ मध्ये मॉनमथ परगणा अस्तित्वात आला. १७०२ मध्ये स्वामिमंडळांनी शासनाधिकार ब्रिटिश राजसत्तेकडे सोपविले, तथापि जमिनीवरील हक्क स्वतःकडे ठेवले. पूर्व जर्सीचे स्वामिमंडळ १९९८ मध्ये विसर्जित झाले व त्याचे दफ्तर राज्य अभिलेखागारात गेले. खरेदीखते, मोजणीपत्रके व नकाशे यांचा हा संग्रह स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन होय.

अशा दफ्तरात जमीनमालकांची नोंद ठळकपणे होते, इतरांची मात्र प्रायः मालमत्ता म्हणून किंवा तंटाबखेडा झाल्यास. लूइस मॉरिस याच्या टिंटन फॉल्स येथील लोखंडाच्या कारखान्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस गुलाम राबत होते. लेनापींपैकी उरलेल्यांसाठी १७५८ मध्ये शेजारच्या बर्लिंग्टन परगण्यात ब्रदरटन ही राखीव वसाहत स्थापण्यात आली. पण १८०१-०२ च्या सुमारास तेथील लोक जमीन विकून न्यूयॉर्क राज्यात गेले. टायटस नावाचा गुलाम नोव्हेंबर १७७५ मध्ये श्रूजबरीजवळील आपल्या क्वेकर मालकाकडून पळाला. मालकाने त्याला पकडून देण्यासाठी दिलेली जाहिरात उपलब्ध आहे. हाच टायटस पुढे ‘कर्नल टाय’ या नावाने ब्रिटिशांच्या बाजूने छापे घालणारा नायक म्हणून प्रसिद्धीस आला व १७८० मध्ये जखमेमुळे मरण पावला. स्वातंत्र्ययुद्धातील मॉनमथची लढाई (२८ जून १७७८) याच परगण्यात फ्रीहोल्डजवळ झाली. न्यू जर्सीने १८०४ मध्ये गुलामगिरी क्रमाक्रमाने नष्ट करणारा कायदा केला. तथापि तिचा पूर्ण अंत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच झाला.

एकोणिसाव्या शतकात हा परगणा मुख्यत्वे कृषिप्रधान राहिला. येथील हिरव्या मार्ल मातीचा खत म्हणून वापर होऊ लागल्याने निकस झालेल्या जमिनी पुन्हा पिकू लागल्या. बटाट्याचे पीक महत्त्वाचे ठरले. १८४४ मध्ये मिलस्टोन हा स्वतंत्र नगरविभाग झाला. त्याच्याच शेतजमिनींवर पुढे नवी वसाहत उभी राहिली.

आर्थिक महामंदीत बेकार कामगारांना घर व शेतीचा तुकडा देऊन स्वावलंबी करावे, या हेतूने १९३३ च्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्यात २ कोटी ५० लक्ष डॉलरची तरतूद झाली. वेस्ट व्हर्जिनियातील आर्थरडेल ही या योजनेतील पहिली वसाहत. तीत कृष्णवर्णीय व परदेशात जन्मलेल्या अर्जदारांना स्थान नव्हते. कृष्णवर्णीयांसाठी व्हर्जिनियात ॲबर्डीन गार्डन्स ही वेगळी वसाहत झाली. मॉनमथमधील जर्सी होमस्टेड्‌स मात्र न्यूयॉर्कच्या स्थलांतरित ज्यू शिंप्यांसाठी होती. बेंजामिन ब्राउन हा तिचा प्रवर्तक. सु. ४८५ हेक्टर (१,२०० एकर) जमिनीवर २०० घरांची योजना होती आणि प्रत्येक कुटुंबाने ५०० डॉलर भरावयाचे होते. शेती, वस्त्रनिर्मिती व किरकोळ विक्री ही तिन्ही अंगे सहकारी तत्त्वावर चालावयाची होती. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा तिला पाठिंबा होता. कारखाना न्यूयॉर्कबाहेर गेल्यास संघटित कामगारांची फळी दुबळी होईल, म्हणून कामगार नेते डेव्हिड डुबिन्स्की यांनी आरंभी विरोध केला.

१९३५ मध्ये योजना पुनर्वसन प्रशासनाकडे गेली. वास्तुशिल्पज्ञ ॲल्फ्रेड कास्टनर व त्यांचे साहाय्यक लूइस कान यांनी सपाट छपरांची साधी घरे आखली. १९३६ च्या उन्हाळ्यात पहिली कुटुंबे आली व त्याच वर्षी कारखाना सुरू झाला. मे १९३७ मध्ये गावास स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. बांधकामातील विलंब, वाढलेला खर्च, बाजारपेठेची उणीव व व्यवस्थापनातील मतभेद यांमुळे सहकारी कारखाना काही वर्षांतच बंद पडला. सहकारी शेतीही टिकली नाही. शासनाने पुढे घरे रहिवाशांना विकली. जमीन व घरे खाजगी मालकीची झाली आणि सामुदायिक मालकीचा प्रयोग संपला.

गाव मात्र टिकले. १९३७-३८ मध्ये चित्रकार बेन शान यांनी शाळेच्या इमारतीत भव्य भित्तिलेपचित्र रंगविले. स्थलांतरितांचे आगमन, कोंदट शिवणकारखाने, कामगार संघटना आणि नव्या गावाची आखणी असा क्रम त्यात आहे. शान स्वतः तेथे स्थायिक झाले व अनेक कलावंत त्यांच्यामागे आले. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये गावास त्यांचे नाव देण्यात आले. १९८३ मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ८०८ होती.

सतराव्या शतकातील सनदेने जमीन व विवेकस्वातंत्र्य मोजक्यांना दिले. विसाव्या शतकातील योजनेने वगळलेल्या एका समूहास घर दिले, पण तिची सहकारी अर्थव्यवस्था टिकविता आली नाही. दोन्ही प्रसंगी वस्ती टिकली ती आरंभीच्या आराखड्यामुळे नव्हे, तर रहिवाशांनी तो आपापल्या गरजेनुसार बदलून घेतल्यामुळे.