लायपेजचा प्रवास: सशाच्या आतड्यापासून हॉटेलच्या डक्टपर्यंत

हॉटेलच्या भट्टीवरचा हूड आणि त्यामागचा डक्ट आतून पाहिलाय कधी? तळणीच्या वाफेबरोबर तेलाचे बारीक कण वर जातात, गार पत्र्यावर बसतात आणि मेणचट थर चढत जातो. तो काढायचा म्हणजे कॉस्टिक सोडा, गरम पाणी आणि खरवडणं. नाही काढला, तर भट्टीतली एखादी ज्वाळा आत शिरून आग डक्टभर पसरते. म्हणून ‘एन्झाइम फवारा, चरबी आपोआप जाईल’ हा दावा मोहात पाडतो. पण तो तपासायचा, तर आधी इतिहास बघू.

१८४८ च्या सुमारास क्लोद बर्नारला एक गोष्ट दिसली. सशात स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या बरीच खाली आतड्यात उघडते. चरबी खाऊ घातलेल्या सशाच्या आतड्यालगतच्या वाहिन्या या दुसऱ्या नलिकेच्या पुढेच दुधाळ झाल्या होत्या. म्हणजे चरबी फोडणारं काहीतरी स्वादुपिंडाच्या रसात होतं. त्यालाच आज आपण लायपेज म्हणतो.

पुढे जर्मनीत ओटो र्‍योमने स्वादुपिंडाचा अर्क धंद्यात आणला. आधी कातडं कमवायला (त्यासाठी तोवर चक्क कुत्र्याची विष्ठा वापरत!), मग १९१३ च्या पेटंटमध्ये कपडे धुवायला. मात्र तिथे भरवसा प्रथिनं फोडणाऱ्या ट्रिप्सिनवर होता. धुण्याच्या पावडरीत लायपेज खऱ्या अर्थाने आलं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. नोवो कंपनीने एका बुरशीचं जनुक अॅस्परजिलस ओरायझीत घालून ‘लायपोलेज’ बनवलं, कारण मूळ बुरशी ते फारच थोडं देत होती.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९५८ सालचं सार्दा आणि देन्युएल यांचं काम. एस्टर पाण्यात पूर्ण विरघळलेला असेल तर स्वादुपिंडाचं लायपेज जवळपास सुस्त असतं. विरघळण्याची मर्यादा ओलांडून थेंब तयार झाले की त्याचा वेग एकदम वाढतो. म्हणजे ते तेल आणि पाण्याच्या सीमेवर काम करतं. १९९० मध्ये स्फटिकरचना मिळाल्या, तेव्हा सक्रिय जागेवरचं ‘झाकण’ही दिसलं.

आता डक्टकडे या. तिथे पाणी कुठंय? जलविघटनात पाणी ही स्वतःच एक अभिक्रियक. शिवाय जुना थर उष्णता आणि ऑक्सिजनमुळे आडवा जोडला जाऊन वार्निशसारखा होतो. लायपेज एस्टरबंध तोडतं, पण कार्बन-कार्बनचे आडवे बंध त्याच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे रोज ओल्या होणाऱ्या फिल्टरवरच्या ताज्या चिकटीबाबत मला आशा आहे, वर्षभराच्या थराबाबत नाही.

कुणाला यावर काम करायचं असेल, तर ऑलिव्ह तेलाच्या इमल्शनवरच्या आकड्यांवर थांबू नका. स्टीलच्या पट्टीवर वापरलेलं तेल भाजून थर बनवा आणि कंट्रोल म्हणून तोच क्लीनर उकळून, एन्झाइम मारून वापरा. बाटलीत साबणही असतो ना!