एचआयव्ही संसर्गाची भीती आणि कायदा : मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
साथीच्या इतिहासात रोगजंतूइतकेच स्थान भीतीलाही असते. प्लेग व कुष्ठरोग यांच्या काळात महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र एक वेगळेपण आढळते. संसर्गाचे मार्ग शास्त्राला तुलनेने लवकर उमगले. समाजाची आणि कायद्याची भीती मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. प्रस्तुत लेखात मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८९ व १९९७ मधील दोन निर्णयांच्या आधारे या विसंगतीचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संसर्गमार्गांचे आकलन :
जून १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला व १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांसोबत एकाच घरात राहणाऱ्या, भांडी व स्नानगृह सामाईक वापरणाऱ्या १०१ नातलगांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी केवळ एका बालकात संसर्ग आढळला आणि तोही मातेकडून जन्माच्या सुमारास झालेला असावा, असा निष्कर्ष निघाला.

असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीत वा स्तनपानातून बालकास होणारा संसर्ग, हेच या विषाणूचे प्रमुख मार्ग होत. हस्तांदोलन, सहभोजन, खोकला वा सामाईक शौचालय यांमुळे तो पसरत नाही. डासाच्या शरीरात तो वाढू शकत नाही, त्यामुळे डासाच्या दंशानेही संसर्ग होत नाही.

भारतात १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन (पूर्वाश्रमीच्या गायतोंडे) व त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी पहिले बाधित रक्तनमुने शोधून काढले.

गोव्यातील विलगीकरण (१९८९) :
याच दशकात गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित व्यक्तीस विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली. डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते होते. रक्ततपासणीत ते बाधित आढळले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. म्हापसा येथील वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्यांना सुमारे दोन महिने ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्री ल्युसी डिसोझा यांनी न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक यांची सुटका झाली. तथापि अंतिम निर्णयात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. व्यक्तीचा हक्क व सार्वजनिक हित यांत संघर्ष उद्भवल्यास सार्वजनिक हितास प्राधान्य द्यावे, अशी ही भूमिका होती. १९९२ मध्ये डॉमिनिक यांचे निधन झाले.

येथे लक्षणीय बाब अशी की, स्पर्शाने वा सहवासाने संसर्ग होत नाही हे तोपर्यंत शास्त्रीयदृष्ट्या ज्ञात झाले होते. अर्थात, ज्या धोक्यापासून समाजाचे रक्षण करावयाचे होते, तो धोका सहवासात नव्हताच.

जोखमीचा प्रश्न (१९९७) :
आठ वर्षांनंतर याच न्यायालयासमोर वेगळा प्रश्न आला. एका हंगामी कामगारास केवळ एचआयव्ही बाधित असल्याच्या कारणावरून कायम नोकरी नाकारण्यात आली होती. कामगार आपले काम करण्यास सक्षम आहे काय आणि त्याच्यापासून इतरांना खरोखर लक्षणीय धोका आहे काय, या कसोट्यांवर न्यायालयाने निर्णय त्याच्या बाजूने दिला. बाधित व्यक्ती कोण, यापेक्षा संसर्ग कसा होतो, या प्रश्नास येथे महत्त्व प्राप्त झाले.

अपघाती संसर्ग : प्रमाण आणि उपाय :
अपघाती संसर्गाची शक्यता पूर्णतः काल्पनिक नाही. परंतु तिचे प्रमाण मोजता येते. बाधित रक्ताची सुई आरोग्य कर्मचाऱ्यास टोचल्यास संसर्गाची सरासरी शक्यता हजारात सुमारे ३ इतकी आढळली आहे. अशा वेळी जखम साबण व पाण्याने धुवावी आणि शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावीत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झिडोव्हुडिन या औषधामुळे ही जोखीम सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले होते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार, जेथे अशी जोखीम लक्षणीय आहे तेथे संरक्षक साधने व ही औषधे पुरविणे बंधनकारक आहे. याच कायद्याने बाधितांविरुद्धच्या भेदभावासही प्रतिबंध केला आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, केवळ माहिती उपलब्ध असल्याने भीती दूर होत नाही. त्या माहितीच्या कसोटीवर नियम तपासले जावे लागतात. भीतीपोटी म्हापशात एका निरपराध रक्तदात्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, पण त्यामुळे कोणाचेही संसर्गापासून रक्षण झाले नाही. याउलट, जोखमीचे नेमके प्रमाण ज्ञात असलेली परिचारिका सुई टोचल्यानंतर घाबरून वेळ न दवडता औषध घेते आणि बाधित रुग्णाची शुश्रूषाही निर्धास्तपणे करू शकते. संसर्गाच्या मार्गांचे शिक्षण हे म्हणूनच आरोग्यशिक्षणाइतकेच नागरी हक्कांचेही शिक्षण ठरते.