नारोशंकराची घंटा व नाशिकचा नाद

मोठ्या आवाजाच्या मनुष्यास ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात मराठींत आहे. परंतु ही घंटा नाशिकास गोदावरीकाठीं, पंचवटीच्या बाजूस, नारोशंकर राजेबहादर यांनीं इ. स. १७४७ मध्यें बांधविलेल्या रामेश्वराच्या देवळाची, हें म्हणणारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

घंटेवर १७२१ हा आंकडा आहे. म्हणजे ती देवळाहून सव्वीस वर्षांनीं वडील. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां फिरंग्यांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हातीं लागल्या त्यांपैकीं ही एक, अशी परंपरा आहे. आपल्याकडील ओतकाऱ्यानें शक घातला असता, ख्रिस्ती सन नव्हे. तेव्हां ही परंपरा ग्राह्य धरण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथेंही अशाच घंटा आहेत.

हा घंटेचा वंशवृत्तांत झाला. आम्हांस विचार करावयाचा आहे तो तिच्या नादाचा. चर्चची घंटा मनोऱ्यावर टांगतात ती दूरच्या लोकांस बोलावण्यासाठीं. शेतांतील माणसास ती ऐकूं गेली नाहीं तर व्यर्थ. आपल्याकडे भक्त घंटा स्वतः वाजवितो, आपण आल्याची वर्दी देवास देण्यासाठीं. आणि देव तर चार हातांवर असतो! मराठींत म्हण होऊन बसलेला हा नाद याप्रमाणें परक्या उपासनेच्या गरजेंतून ओतला गेला होता.

तो पांच मैलांवर ऐकूं येई अशी जुनी ख्याति आहे. आज पंचवटींतील वाहनांच्या गोंगाटांत उभें राहून ही अतिशयोक्ति ठरविणें सोपें आहे. आम्ही तसें ठरविण्यास तयार नाहीं. नाद किती दूर जातो हें जसें वाजणाऱ्या धातूवर, तसेंच भोंवतालच्या शांततेवर अवलंबून असतें. सबब पांच मैलांची ही गोष्ट घंटेइतकीच त्या काळच्या नाशिकविषयींची साक्ष आहे. इ. स. २००० च्या ध्वनिनियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली. पण यंत्र आवाजाचें मान सांगतें, त्याचा अर्थ सांगत नाहीं. फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यानें १९९४ मध्यें एकोणिसाव्या शतकांतील खेड्यांच्या घंटांचा इतिहास लिहिला तो अर्ज, तंटे व सरकारी कागद चाळून. कागद मुके नसतात.

आपलेही नाहींत. देवस्थानांच्या नेमणुकांत गुरव, वाजंत्री, नगारखाना यांचे खर्च सांपडतात. ते एकत्र मांडल्यास शहरांत कोणत्या प्रहरीं काय वाजत होतें याची यादी बांधतां येईल. जेथें कागद नाहीं तेथें भाषा आहे. नाशिकची तांब्यापितळेची भांडीं प्रसिद्ध. तांबटांच्या हातोडीचे सारखे ठोके लोकांच्या कानांत इतके बसले होते कीं, तसाच टुक्‌टुक् बोलणाऱ्या पक्ष्यासही मराठींत तांबटच म्हणतात. पक्षी अजून बोलतो. ठोके मात्र यंत्रांनीं कमी केले, आणि पहांटेस प्रथम कोणत्या आळींत ठोका पडे हें सांगणारे वृद्ध दरवर्षीं कमी होत आहेत.

ज्यांच्या घरीं नाशिकच्या देवस्थानांचे जमाखर्च असतील, किंवा ज्यांनीं ही घंटा गांवाबाहेरून ऐकिली असेल, त्यांनीं स्थळ, ऋतु व वेळ यांसह आम्हांस कळवावें.