अक्षरे नसलेली पोथी

‘पोथी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लिखित ग्रंथ येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथ्यांनी जी पोथी पिढ्यान् पिढ्या जपली, तिच्यात कथेचा मजकूर नसतो. कागदाला कागद पाठीशी चिकटवून दोन्ही अंगांवर रंगवलेली तीसपासून पन्नासपर्यंत सुटी चित्रे, एवढीच ती पोथी. रामायण-महाभारतातील एखादे आख्यान तिच्यात असते. पण ते ‘असते’ म्हणजे कोठे असते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

ही परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यवंशातील सोमेश्वर राजाने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पुढे दक्षिण कोकणात सावंतवाडी संस्थानचा आश्रय चित्रकथ्यांना लाभला आणि गावोगावच्या देवळांतून पोथी सोडली जाऊ लागली. म्हणजे कीर्तन आणि दशावतार ज्या देवळाच्या आवारात वाढले, तेथेच ही कलाही वाढली. आपल्या वाङ्मयेतिहासाने कीर्तनकाराच्या आख्यानाला स्थान दिले, कारण त्यामागे पंडित कवींची लिखित रचना होती. चित्रकथ्याजवळ दाखवायला संहिता नव्हती. त्यामुळे त्याची गणना ‘लोककला’ या सदरात झाली आणि तेथेच राहिली.

वस्तुतः त्याचे कथन ही एक स्वतंत्र रचनापद्धती आहे. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर कथेकरी गातो, मध्येच गद्यात निरूपण करतो आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र समोर धरतो. राजस्थानातील फडीवर सारी कथा एका लांब कापडावर पसरलेली असते. बंगालच्या पटुव्याचा पट क्रमाने उलगडत जातो, पण चित्रांचा क्रम पटावर कायमचा ठरलेला असतो. पिंगुळीची पाने सुटी असल्यामुळे श्रोत्याला एका वेळी एकच चित्र दिसते. पुढे काय, हे त्याला डोकावून पाहता येत नाही. एखाद्या चित्रावर किती काळ थांबावे, कोणते झरझर ओलांडावे, हे कथेकरी ठरवतो. चित्रांत बहुधा बाजूने रेखाटलेल्या, मोठ्या डोळ्यांच्या आकृती समोरासमोर उभ्या असतात. त्यांच्यापैकी कोण बोलतो आहे, रागाने की विनवणीने, हे चित्र सांगत नाही. ते आवाज सांगतो. चित्र हे येथे कथेचे स्पष्टीकरण नसून कथनाला दिलेला मुक्काम आहे.

विसाव्या शतकात ही चित्रे संग्राहकांच्या हाती गेली. काही चित्रे पैठणकडे मिळाल्यामुळे या शैलीला ‘पैठण चित्रे’ असे नाव पडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. अ‍ॅना दालापिकोला यांचा १९८० मधील जर्मन ग्रंथ शैली आणि मूर्तिलक्षणे यांचा शोध घेतो. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘कथाकथन’ आणि ‘पिंगुळी’ हे शब्द एकत्र आणले. चित्रांचे जतन झाले हे मोलाचेच. पण संग्रहालयात येताना त्यांची सोबत करणारा आवाज बाहेर राहिला.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे चित्रांबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही पाहता येतात, आणि मुख्य म्हणजे कथा ऐकता येते. हा फरक लहान नव्हे. बाजारात चित्रकथी शैलीचे एकेक चित्र चौकटीत बसवून विकले जाते. त्याने कलावंताचे पोट भरत असेल तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही; पण पोथीतले एक पान वेगळे काढले की आख्यान उरत नाही, हेही ओळखले पाहिजे.

मराठीच्या विभागांनी येथे करण्यासारखे काम चित्रकला-समीक्षेचे नाही, श्रवणाचे आहे. एकच पोथी दोन कथेकऱ्यांकडून, दोन वेगळ्या प्रसंगी ऐकावी, शब्दशः उतरवून घ्यावी आणि पाठभेद ताडून पाहावेत. हस्तलिखितांसाठी जी शिस्त आपण शिकवतो, तीच येथे लागू पडते. मात्र येथे हस्तलिखित बोलणाऱ्या माणसाच्या स्मरणात आहे, आणि ते त्याच्या हयातीतच उतरवून घ्यावे लागते.